दूधवाल्याची स्प्लेंडर

मी विकत घेतलेली स्प्लेंडर माझ्याकडे येण्यापूर्वी सतरा-अठरा वर्षे दूध वाहत होती. करवीर तालुक्यातल्या एका गावातून पहाटे कोल्हापुरात यायचे, पेठांमधून रतीब घालायचे आणि दहाच्या सुमारास रिकाम्या कॅन खडखडवत परत जायचे, हा तिचा नेम. मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरच्या कॅन अडकवण्यासाठी सळई वाकवून वेल्डिंग केलेले आकडे तिच्यावर तसेच होते. सौदा चौदा हजारांना ठरला. स्पीडोमीटरचा काटा मेलेला होता आणि आकडे ४३,६१८ वर थांबलेले होते. केबल कधी तुटली असे विचारले, तेव्हा मालक म्हणाले, "ह्यो धाकटा सातवीत हुता तवा." धाकटा शेजारीच उभा होता आणि त्याला चांगल्या भरघोस मिशा होत्या. थोडक्यात, गाडी किती चालली आहे याचा हिशेब कोणाकडेच नव्हता.

टाकीवर अजून 'हिरो होंडा' हीच अक्षरे आहेत, कारण नोंदणी २००६ ची आहे. ही दोन नावे एकमेकांपासून वेगळी झाली ती त्यानंतर चार-पाच वर्षांनी. १९९४ साली स्प्लेंडर बाजारात आली, तेव्हा तिच्यातले इंजिन नवे नव्हते. १९८५ च्या सीडी हंड्रेडचेच ते होते. सिलिंडर एकच, जवळजवळ आडवा झोपवलेला, व्यास ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर, म्हणजे आकारमान ९७.२ सीसी. ताकद जेमतेम साडेसात हॉर्सपॉवरची. ही गाडी बिघडली तरी चालते, हा तिचा मोठा गुण, आणि जुनी घेणाऱ्यासाठी हाच तिचा मोठा धोका. दुसऱ्या एखाद्या गाडीने ज्या अवस्थेत रस्त्यातच मान टाकली असती, त्या अवस्थेत ही पाच-सहा वर्षे मुकाट चालत राहते आणि मालकाला वाटते की गाडी ठणठणीत आहे.

घरी आणण्याआधी मी ती एका गॅरेजमध्ये दाखवली. मिस्त्रींनी किक मारली, रेस केली, सायलेन्सरमागे हात धरला आणि अर्ध्या मिनिटात निदान सांगितले. "सर, धूर मारतीया. बोअर कराय लागतंय. किट टाका आन् मोकळं व्हा." निदानाबद्दल माझी तक्रार नाही, घाईबद्दल आहे. धूर निघतो एवढ्यावरून सिलिंडर मोठा करायला घेणे म्हणजे खोकला आला म्हणून छाती उघडण्यासारखे आहे. धूर कधी निघतो हे आधी पाहावे लागते. चढावर, ॲक्सिलरेटर ओढलेला असताना धूर सारखा निघत असेल, तर पिस्टनच्या रिंगांचा किंवा सिलिंडरचा संशय घ्यावा. सकाळी पहिली किक मारल्यावर एक भपका, आणि लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा उघडल्यावर एक भपका, एवढेच असेल तर संशय व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर. ॲक्सिलरेटर बंद असताना इंजिन हवा ओढायला बघते, पण हवेला वाट नसते. त्या ओढीने वरच्या बाजूचे ऑइल इनटेक व्हॉल्व्हच्या दांडीवरून खाली उतरते आणि वाट उघडली की जळते. मी गाडी पन्हाळ्याला नेली. चढताना मित्र मागून येत होता. त्याला धूर दिसला नाही. उतरताना मात्र प्रत्येक वळणानंतर निळसर भपका निघत होता. सील कडक झाले होते. नव्या सीलची किंमत एका कटिंग चहाच्या आणि एका वडापावाच्या बेरजेहून फार जास्त नसते.

तरीही इंजिनाला हात लावण्याआधी मी दोन आठवडे बाकीच्या गाडीत घालवले आणि हाच क्रम बरोबर होता असे माझे मत आहे. इंजिन खराब असेल तर गाडी घरी ढकलत आणावी लागते. ब्रेक किंवा हँडल खराब असेल तर कधीकधी माणसालाच आणावे लागते. डबल स्टँडवर लावून पुढचे चाक अधांतरी करून हँडल एका बोटाने सावकाश फिरवले, तेव्हा ते बरोबर मध्यावर येऊन टक्कन अडकले. कोन सेटमधल्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगमधल्या, गोळ्यांनी वर्षानुवर्षे सरळ रस्त्यावर त्याच जागी ठोके खाऊन वाटीत खळगे पाडले होते. अशी गाडी सरळ चालवताना किंचित नागमोडी जाते आणि चालवणाऱ्याला वाटते की टायर खराब आहे. मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे हलवले तर ते चाक धरणारा स्विंग आर्म हलत होता, म्हणजे बुश गेलेले. दुधाच्या वजनाने मागचे दोन्ही शॉकअप बसले होते, तीन तारा तुटल्या होत्या आणि हबमधले डॅम्पर रबर चुरमुऱ्यासारखे भुगा होऊन बाहेर आले. गिअर टाकताना जो झटका बसत होता, त्याचे कारण क्लच असे मला सांगण्यात आले होते. ते हे रबर निघाले. तारा बदलून रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला, कोन सेट आणि बुश नवे टाकले, ब्रेक शू बदलले आणि ब्रेकचा कॅम साफ करून त्याला अगदी थोडे ग्रीस लावले. ड्रममधली काळी पूड तोंडाने फुंकून उडवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ब्रेक शूच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसावी.

चेनबद्दल एवढेच सांगतो की स्प्लेंडरला पूर्ण बंद चेन कव्हर असते, त्यामुळे चेन धुळीपासून वाचते आणि मालकाच्या नजरेतूनही सुटते. कव्हरला एक रबरी बूच असते. ते काढून चेनचा ढिलेपणा बोटाने पाहता येतो. माझ्या गाडीचे ते बूच रंगाच्या थराखाली गाडले गेले होते.

आता ज्या भागासाठी हे सगळे लिहायला घेतले, त्याकडे येतो. या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नसतो. त्याऐवजी दोन गोष्टी असतात. तळाशी एक बारीक जाळी, आणि क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या धक्क्याने फिरणाऱ्या दांड्याच्या, उजव्या टोकावर, क्लच कव्हरच्या आत, एक वाटीसारखा फिरता रोटर. ऑइल या रोटरमधून जाते. तो क्रँकच्या वेगाने गरगरत असल्यामुळे ऑइलमधला जड मळ आणि धातूचे कण बाहेरच्या कडेला फेकले जाऊन भिंतीवर चिकटतात आणि स्वच्छ ऑइल मधून पुढे सरकते. ताक घुसळताना लोणी वेगळे व्हावे तसाच प्रकार, फक्त इथे जे वेगळे होते ते टाकून द्यायचे असते. ऑइल बदलताना खालचा बोल्ट काढून जुने ऑइल सोडले, तरी भिंतीवरचा हा मळ जागचा हलत नाही. तो काढायचा तर किक काढावी लागते, कव्हर खोलावे लागते, नवे पॅकिंग टाकावे लागते, म्हणजे तासा-दीड तासाचे काम. म्हणून ते कोणी करीत नाही.

रोटरचे झाकण तीन स्क्रूंनी बसवलेले असते. ते उघडले तेव्हा आत पोकळी अशी उरलीच नव्हती. काजळ तुपात खलून वाळवावे तसा काळा, गुळगुळीत थर, बोटाच्या पेराएवढा जाड, आणि मधोमध जेमतेम पेन्सिल जाईल एवढे भोक. लाकडी चमच्याने खरवडला तर त्याचे पापुद्रे निघाले. उन्हात धरल्यावर त्यांत चांदीसारखी चमक दिसत होती. ती चमक क्लचची, गिअरची आणि थोडी सिलिंडरचीही. तळाच्या जाळीत पॅकिंगचे तुकडे आणि एक संपूर्ण वॉशर सापडला, जो या इंजिनातल्या कुठल्याच जागी बसत नव्हता. दूधवाल्यांनी ऑइल वेळेवर बदलले होते यावर माझा विश्वास आहे, कारण तो माणूस म्हशीइतकीच गाडीची काळजी घेणारा होता. पण अठरा वर्षांत हे कव्हर एकदाही उघडलेले दिसत नव्हते, आणि नवे ऑइल दर वेळी या चिखलातूनच वाट काढत होते.

खालच्या बोल्टचे आटे गेलेले होते, हे ओघाने आलेच. कोणीतरी तो गरजेपेक्षा जास्त आवळला होता आणि नंतर कोणीतरी त्याच्याभोवती लांबीसारखे काहीतरी थापले होते. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, स्टीलचा बोल्ट दांडगाईने पिळला की आटे बोल्टचे जात नाहीत, केसचे जातात. कोल्हापुरात राहण्याचा फायदा इथे होतो. शेतीपंपांची ऑइल इंजिने आणि ओतकाम यांवर वाढलेल्या शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्या दादांना केस दाखवली, तर त्यांनी मान वर न करता "ठेवा, संध्याकाळी या" एवढेच सांगितले. मोठ्या मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, मारून, टॅपला ग्रीस लावून कीस आत पडू न देता, त्यांनी स्टीलचा बुश बसवला आणि त्याला आतून मूळचे १२ मिलिमीटरचे आटे दिले. तो भाग आता मूळच्यापेक्षा मजबूत आहे. जुन्या गाडीत केलेली खरी सुधारणा म्हणून मला कोणी एकच गोष्ट विचारली, तर मी हा बुश दाखवीन.

व्हॉल्व्हचे सील बदलण्यासाठी हेड, म्हणजे सिलिंडरच्या टोकावरचा व्हॉल्व्ह असलेला भाग, उतरवावेच लागते, आणि हेड उतरल्यावर सिलिंडर मोजला नाही तर तो शुद्ध आळस. त्याच दादांच्या शेजारी बोअरिंगचे दुकान आहे. तिथल्या कारागिराने डायल गेज सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवा आणि उभा असा सहा वेळा फिरवला. झीज सर्वांत जास्त वरच्या बाजूला असते, कारण तिथे स्फोटाचा दाब मोठा आणि ऑइल कमी. माझ्या सिलिंडरची तिथली झीज एक मिलिमीटरचा पंचविसावा भागही नव्हती. पिस्टनवर ओरखडा नव्हता. रिंग मात्र संपल्या होत्या. रिंग मोकळी करून सिलिंडरमध्ये सरळ बसवली आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेज घातला, तर अर्ध्या मिलिमीटरची पट्टी आरामात गेली. नव्या रिंगेत ही फट त्याच्या निम्म्यासुद्धा नसते.

बोअर न करण्याचा निर्णय मी इथे घेतला. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात, पाव, अर्धा, पाऊण आणि एक. म्हणजे एका सिलिंडरच्या नशिबात चार बोअर असतात आणि त्यानंतर लायनर, म्हणजे आत बसवायची नवी नळी. त्यातला एक, गरज नसताना, केवळ इंजिन उघडलेच आहे म्हणून खर्च करायला माझे मन घेत नव्हते. हलके होनिंग करून भिंतीवर आडव्या-तिरक्या रेघा काढून घेतल्या, कारण गुळगुळीत झालेल्या भिंतीवर नव्या रिंग नीट घासून बसत नाहीत, आणि मूळ मापाच्याच रिंग टाकल्या. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले. मग हेड उलटे धरून पोर्टमध्ये पेट्रोल ओतले आणि चहा होईपर्यंत ते झिरपते का हे पाहिले. एक्झॉस्टकडून झिरपले. पुन्हा घासले. तिसऱ्या वेळी कोरडे राहिले.

यानंतरची चूक सर्वस्वी माझी आहे. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातली फट, जुळवताना डाव्या बाजूची दोन झाकणे काढून फ्लायव्हील फिरवायचे आणि त्यावरची 'टी' ही खूण केसवरच्या खुणेसमोर आणायची असते. मी ती आणली, पाहिले तर दोन्ही रॉकर घट्ट, म्हणून स्क्रू ढिले करून पुस्तकात दिलेली फट जुळवली. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी अशी ती फट असते. गाडी सुरू झाली आणि शिंप्याच्या दुकानात उभे असल्यासारखा आवाज येऊ लागला. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की एक चक्र पूर्ण होते, आणि 'टी' ही खूण प्रत्येक फेऱ्याला समोर येते. एकदा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, आणि एकदा एक मिटत असताना व दुसरा उघडू लागला असताना. मी नेमकी दुसरी वेळ पकडली होती. किंचित दाबल्या गेलेल्या रॉकरला फट दिली, त्यामुळे खऱ्या जागी ती कितीतरी जास्त झाली. हे कळायला मला एक पूर्ण संध्याकाळ लागली. इंजिनियरिंगची पदवी घेऊन मला बरीच वर्षे झाली आहेत, हे इथे नमूद करायला हरकत नाही. एक फेरा जास्त फिरवला, दोन्ही रॉकर हाताने टकटक हलतात याची खात्री केली, पुन्हा जुळवले, आवाज गेला.

कार्बोरेटरच्या वाटीत गंजाची लाल माती होती. टाकी आतून धुऊन घेतली, पेट्रोलचा रबरी पाइप आणि फ्लोटची सुई बदलली. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते आणि त्या काळातल्या रबराला ते मानवेल याचा भरवसा नाही. इथेनॉल आपल्याच उसाचे आहे, त्यामुळे कोल्हापुरात त्याबद्दल वाकडे बोलणे जपूनच करावे लागते. पण पाइप बदलावा.

सुधारणा या शब्दाखाली मला जे सल्ले मिळाले, त्यात जाड टायर, उघडा एअर फिल्टर आणि मोठ्या गाडीचा पिस्टन हे प्रमुख होते. साडेसात हॉर्सपॉवरच्या गाडीला जाड टायर म्हणजे सायकलवर पोते. शिवाय कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांत मनाप्रमाणे बदल करायला मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते. मला बदल हवा होता तो एकाच गोष्टीत, हेडलाइटमध्ये. या मॉडेलचा ३५ वॅटचा दिवा बॅटरीवर चालत नाही. तो इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या थेट एसी प्रवाहावर चालतो, म्हणून सिग्नलला थांबले की मिणमिणतो आणि रेस केली की उजळतो. बाजारातला एलईडी बल्ब लावून पाहिला तर तो लग्नाच्या मांडवातल्या माळेसारखा लुकलुकू लागला आणि मी तो परत केला. मग मल्टीमीटर घेऊन, इंजिन एकाच रेसवर ठेवून, रेग्युलेटरपाशी आणि बल्बच्या होल्डरपाशी असे दोन्हीकडे मोजले. एकीकडे १२.६ व्होल्ट, दुसरीकडे ११.१. दीड व्होल्ट गंजलेली अर्थिंग, हँडलवरचा स्विच आणि काळे पडलेले होल्डर यांनी वाटून खाल्ले होते. तारेच्या बल्बचे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर प्रकाश तीसएक टक्क्यांनी घटतो, त्यामुळे एवढ्याशा गळतीत माझा एक तृतीयांशाहून अधिक उजेड गेला होता. स्विच उघडून पॉलिश पेपरने घासला, अर्थिंगला नवी तार दिली, होल्डर आणि रिफ्लेक्टर बदलला. उजेड नव्या गाडीसारखा झाला. नव्या स्प्लेंडरचा उजेडही फार नसतो, पण तो वेगळा विषय.

कागदपत्रांनी इंजिनापेक्षा कमी त्रास दिला. फॉर्म २९ आणि ३०, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा, पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण दूधवाल्यांनी आधीच केलेले असल्यामुळे शिल्लक राहिलेली मुदत, आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट. ठसा घेताना चेसिसवरचे दुधाचे डाग चाकूने खरवडावे लागले.

एकूण खर्च गाडीच्या किमतीच्या अर्ध्याहून थोडा अधिक झाला. त्यातला इंजिनाचा वाटा निम्मादेखील नाही. टाकी भरून ते पुन्हा टाकी भरेपर्यंत असे मोजून सुरुवातीला लिटरला ४८ किलोमीटर मिळत होते, आता ६५-६६ मिळतात. त्यातला किती भाग रिंगांचा, किती कार्बोरेटरचा आणि किती न घासणाऱ्या ब्रेकचा, हे वेगळे काढता येत नाही, कारण मी सगळे एकदम केले. शास्त्रशुद्ध माणसाने एकेक करून मोजले असते.

स्पीडोमीटरला नवी केबल टाकली, तेव्हा काटा हलला आणि आकडे ४३,६१८ वरून पुढे सरकू लागले. आता ते ४८ हजारांच्या पुढे आहेत. रोटर पुन्हा उघडला. तळाशी नखाने निघेल एवढाच पातळ थर होता. कॅनचे आकडे एका बाजूने कापून टाकले आणि दुसऱ्या बाजूचे ठेवले, कारण त्यात भाजीची पिशवी बरोबर अडकते. पुढच्या डाव्या शॉकअपचे ऑइल सील मात्र पाझरू लागले आहे. दर रविवारी नळीवरचा ओलसर पट्टा पुसतो आणि दिवाळीच्या सुट्टीत ते काम काढायचे ठरवले आहे.